घराण्यातले जीवघेणे गुपित कादंबरीत कुठे ठेवावे?

तुमची अडचण मला समजली ती अशी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी जुने, खाऊनपिऊन सुखी घराणे आहे. १९९५ साली त्या घरातली अविवाहित मुलगी एका रात्रीत नाहीशी होते. ती कोणाबरोबर तरी पळून गेली असे घरचे सांगतात आणि गाव ते मानते. २०१६ साली तिची पुतणी मुंबईहून येते, आत्याचा विषय पुन्हा काढते, आणि अखेरीस थोरले काका बुजवलेल्या विहिरीच्या काठावर तिच्यापुढे बारा पाने सलग कबुली देतात की, परजातीतल्या मुलाशी लग्न करायला निघाली म्हणून बहिणीला मीच मारले. हस्तलिखित वाचणाऱ्यांच्या दोन तक्रारी आहेत: मधला भाग रेंगाळतो आणि शेवटी फसवल्यासारखे वाटते. यावर तुम्ही विचारले आहे की गुपित फोडायचे कधी, धागेदोरे किती पेरायचे आणि पोलिसी कारवाई कितपत खरी असावी.

रहस्यकादंबऱ्यांची हस्तलिखिते वाचण्यात आणि त्यांच्यावर काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या आधारावर सांगते की या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. तुम्ही वाचकापासून घटनाच लपवून ठेवल्या आहेत. आत्या कधी गेली, विहीर कधी बुजवली, त्या वर्षी घरात काय चालले होते, यांपैकी काहीही पहिल्या अडीचशे पानांत नाही; सगळे काकांच्या तोंडून शेवटी एकदम येते. मग मधल्या पानांवर वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही आणि शेवटी त्याने काही ओळखावे अशी सोयही राहत नाही. चांगल्या रहस्यकादंबरीत घटना वाचकाच्या डोळ्यांसमोर मांडलेल्या असतात, लपवलेला असतो तो त्यांचा अर्थ. वाचकाने प्रत्येक गोष्ट पाहिलेली असावी, ती चुकीच्या खणात ठेवलेली असावी, आणि शेवटी आपल्याच हाताने ती उचलून दुसऱ्या खणात ठेवावी लागावी.

हे नुसते तत्त्व वाटू नये म्हणून एक खरे प्रकरण सांगते, कारण घराच्या चार भिंतींतल्या गुपिताची इंग्रजी कादंबरी बऱ्याच अंशी त्यातूनच आकाराला आली. ३० जून १८६० च्या सकाळी इंग्लंडमधल्या रोड या गावी, केंट कुटुंबाच्या मोठ्या घरातला, चार वर्षेही पुरी न झालेला मुलगा आपल्या बिछान्यात सापडला नाही. पुढे त्याचा मृतदेह आवारातल्या शौचकूपात मिळाला, गळा चिरलेला होता. रात्री घर आतून बंद केलेले होते, म्हणजे खुनी घरातलाच असणार. स्थानिक पोलिसांना काही सापडेना, तेव्हा स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर तेथे आला आणि त्याने घरातल्या कपड्यांच्या धुण्याची वही मागवली. कोणाचे किती कपडे परटिणीकडे गेले याची नोंद त्या वहीत होती. मृत मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिचा रात्री घालायचा एक झगा वहीत लिहिलेला होता, पण परटीण म्हणत होती की तो आपल्याकडे आलाच नाही. घरातल्यांना वाटले, परटिणीने हरवला असेल. व्हिचरचा तर्क निराळा होता. कॉन्स्टन्सने धुण्याची टोपली बांधली जात असताना मोलकरणीला पाणी आणायला धाडले आणि वहीत लिहून झालेला स्वच्छ झगा टोपलीतून हळूच परत काढून घेतला. रक्ताचा झगा तिने आधीच नाहीसा केला होता, आणि आता एक झगा कमी का, याचा आळ परटिणीवर जाणार होता. व्हिचरने तिला अटक केली, पण एका कमी भरणाऱ्या झग्यावर खटला उभा राहीना. ती सुटली, आणि एका सभ्य घरातल्या मुलीवर संशय घेतल्याबद्दल वर्तमानपत्रांनी व्हिचरलाच झोडपले. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने आपण होऊन गुन्हा कबूल केला. तिची फाशी रद्द होऊन तिने वीस वर्षे तुरुंगात काढली.

या प्रकरणात वही सर्वांनी पाहिली होती. झगा कमी आहे हेही सर्वांना माहीत होते. घरच्यांनी ती गोष्ट ‘परटिणीचा गलथानपणा’ या खणात टाकली होती, एवढेच. कादंबरीत तुम्हाला अशी वही हवी आहे: रोजच्या व्यवहारातली, कंटाळवाणी, कोणीही सहज ओलांडून जाईल अशी. आणि तुमच्या कथेचे घर कोकणातले असल्यामुळे अशा वह्या तुमच्या हाताशी भरपूर आहेत: सातबारा, फेरफार, वारस नोंदीची प्रतिज्ञापत्रे, मोजणीचे नकाशे. जमिनीच्या कागदांशिवाय कोकणातले जुने घराणे रंगवणे मला तरी अपुरे वाटते. या पार्श्वभूमीवर लिहिणारे अनेक जण पहिल्याच प्रकरणात पिंपळ, पाऊस आणि मुंजा आणतात. तुम्ही ते टाळले याचा मला मनापासून आनंद आहे. तिथल्या माणसांना रात्री झोपू देत नाही ती बहुतेक वेळा सामाईक जमीन असते.

येथून खुनाच्या कारणाकडे वळू, कारण माझ्या मते तुमच्या कादंबरीची खरी दुरुस्ती तिथे आहे. परजातीतले लग्न आणि त्यामुळे गेलेली अब्रू हे कारण वाचक पन्नासाव्या पानावर ओळखतो. ते काढून टाकू नका, त्याची जागा बदला. तेच कारण चकवा म्हणून वापरा. गावाला, पुतणीला आणि वाचकाला पहिल्यापासून असे वाटू द्या की या घरात काही झाले असेलच तर ते अब्रूपायी झाले असेल. घरच्यांनी पोलिसांत हरवल्याची नोंद का केली नाही, आत्याचे नाव का काढू देत नाहीत, आजी तो विषय निघाला की माजघरात का जाते, या सगळ्याचे उत्तर ‘अब्रू’ असे सहज मिळते, आणि सहज मिळते म्हणूनच पुढे कोणी विचारत नाही. त्याच्या आड खरे कारण जमिनीचे ठेवा.

तुम्ही १९९५ हे साल निवडले आहे आणि ते सोन्यासारखे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्राने स्वतःपुरती दुरुस्ती केली आणि ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. तिच्यामुळे मुलीला एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः सहहिस्सा मिळाला. मात्र त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले असेल तिला ही दुरुस्ती लागू नव्हती. साऱ्या देशासाठी लग्न झालेल्या आणि न झालेल्या मुलींमधला हा भेद मिटला तो ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने. आता तुमच्या घराकडे पाहा. चार भावंडे, वडील हयात, तीन भाऊ (दोन काका आणि पुतणीचे वडील) आणि एक अविवाहित बहीण. १९९४ च्या मे महिन्यात या बहिणीला भावांच्या बरोबरीने वाटणी मागता येत नव्हती. १९९५ मध्ये ती बरोबरीच्या हिश्श्याच्या भाषेत बोलू शकत होती. ती परजातीत लग्न करणार ही गोष्ट खरीच राहू द्या. पण थोरल्या भावाला भीती वाटते ती जातीची नव्हे. जावई वाटणीचा दावा लावील आणि आंब्याची बाग तोडून द्यावी लागेल, याची.

आता यातला सर्वांत नाजूक धागा. वडील १९९८ साली वारले असे धरा. वारस नोंदीच्या वेळी थोरल्या काकांनी एक प्रतिज्ञापत्र दिले आहे, आणि त्यात लिहिले आहे की बहिणीचा विवाह मे १९९४ मध्ये झाला असून ती परगावी असते. पुतणी हा कागद पाहते, शंभराव्या पानाच्या आसपास. ती चिडते, कारण आत्याचा हिस्सा काकांनी गिळला हे तिला कळते. वाचकही तिच्याबरोबर चिडतो आणि तो कागद ‘लोभ’ या खणात ठेवतो. तिथे तारीख वाचकाने वाचलेली असते, तिच्यावर बोट ठेवू नका. काकांनी लग्न मे महिन्यातले का सांगितले, हा प्रश्न पुतणीच्या मनात येता कामा नये, कारण कायद्याची तारीख तिला त्या क्षणी माहीत नाही. ती माहिती दीडशे पाने पुढे, अगदी वेगळ्या संदर्भात येऊ द्या. उदाहरणार्थ, पुतणीची मुंबईतली वकील मैत्रीण स्वतःच्या आईच्या वाटणीची हकीकत सांगताना. हा कायदा समजावून देणारे दोन पानांचे भाषण कोणाच्याही तोंडी घालू नका. मैत्रीण एवढेच म्हणेल की आईचे लग्न चौऱ्याण्णवच्या जूनआधी झाले म्हणून तेव्हा काही मिळाले नाही, आणि पुतणीच्या हातातला चहा थंड होईल.

पण प्रतिज्ञापत्र खोटे आहे हे सिद्ध कसे व्हावे? ते आत्याच्या ठावठिकाण्याच्या एका पक्क्या तारखेने व्हावे, आणि ती तारीख सांगणाऱ्याला आपण तारीख सांगत आहोत हे कळू नये. गावच्या माणसांना वीस वर्षांपूर्वीचे साल आठवत नाही, त्यांना प्रसंग आठवतात. २१ सप्टेंबर १९९५ या एका दिवशी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी बातमी पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. त्या वयाच्या मराठी माणसाला तो दिवस विसरता येत नाही, आणि साल मात्र सहसा सांगता येत नाही. म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या आजीच्या तोंडी, अगदी सुरुवातीच्या प्रकरणात, आत्याच्या स्वभावाचे वर्णन चालले असताना असे काही येऊ द्या:

“अगो, तुझ्या आत्याला देवाधर्माचे काही नव्हते. पण गणपती दूध प्यायला ना, त्या दिवशी चरवी घेऊन सगळ्यांच्या पुढे हीच. चमचा सोंडेशी धरलान् नि ‘प्यायला, प्यायला’ म्हणून अशी ओरडली की माझ्या हातातले भांडे कलंडले. मग घरी जाऊन वहिनीची बोलणी खाल्लीन्, म्हशीचे सगळे दूध देवळात सांडलेस म्हणून.”

वाचक येथे हसतो, त्याला आत्या आवडू लागते, आणि तो पुढे जातो. या पाच ओळींत आत्या सप्टेंबर १९९५ मध्ये जिवंत आहे, गावात आहे आणि वहिनीच्या हाताखाली, म्हणजे माहेरीच, राहते आहे. प्रतिज्ञापत्रातले मे १९९४ मधले लग्न येथेच खोटे पडले. फक्त प्रतिज्ञापत्र अजून वाचकापुढे यायचे आहे. पुरावा आधी आणि त्याने खोटी ठरणारी गोष्ट नंतर, हा क्रम मी आग्रहाने सुचवते. उलट क्रम ठेवलात तर वाचक तारखा ताडून पाहण्याच्या तयारीत बसलेला असतो आणि आजीचे बोलणे त्याला लगेच खटकते.

विहिरीचेही तसेच. तुमच्या हस्तलिखितात विहीर ‘खूप वर्षांपूर्वी बुजवली’ एवढाच उल्लेख आहे. मी तिथे ऋतू घालीन. कोकणात विहिरीचे काम माणसे वैशाखात काढतात, पाणी तळाला गेलेले असते तेव्हा. पावसाळा संपता संपता, विहीर तुडुंब असताना, तिच्यात दगडमाती कोणी टाकत नाही. तेव्हा ज्या गड्याने ती बुजवली त्याला आता म्हातारपणी आपल्या अंगमेहनतीच्या गोष्टी सांगू द्या: भात कापणीला आले होते, घरच्या शेतावर माणूस मिळत नव्हता आणि मालकांनी आम्हाला चार दिवस दगड वाहायला लावले, प्रत्येक दगडागणिक पाणी अंगावर उडायचे. ऐकणाऱ्या पुतणीला मालकाची मुजोरी दिसेल. शेती माहीत असलेल्या वाचकाच्या मनात मात्र एक खडा बोचत राहील, आणि असा वाचक मिळवणे हे रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याचे भाग्य असते. धागे किती पेरावेत याला संख्या नाही. पण जो धागा काढून टाकला तर उकल कोसळेल असा प्रत्येक धागा निदान दोनदा, दोन वेगळ्या रूपांत आणि एकमेकांपासून लांब यायला हवा, आणि पहिल्यांदा येताना वाचकाचे लक्ष हसण्यात, रागात किंवा दुसऱ्या एखाद्या प्रश्नात गुंतलेले असावे.

आता मधल्या भागाविषयी. मराठीत रहस्यकथेचा वेग म्हटला की बाबुराव अर्नाळकर आठवतातच. त्यांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहिली, झुंझार आणि धनंजय या आपल्या नायकांची नावे त्यांनी घराघरांत नेली, आणि कित्येकांना वाचनाची गोडी लावली याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. पण ती पुस्तके आकाराने लहान होती. एका बैठकीत संपत असत आणि पाठलागाच्या जोरावर टिकत असत. तीनशे पानांची घरगुती कादंबरी पाठलागावर चालत नाही. तिला चालवते ती आज, या घडीला, कोणाचे तरी काहीतरी जाणार आहे ही जाणीव. तुमच्या कथेत खून एकवीस वर्षांपूर्वीचा, भीतीही तेव्हाचीच. २०१६ मध्ये पुतणीने प्रश्न विचारणे थांबवले तर कोणाचेच काही बिघडत नाही. म्हणून पाने रेंगाळतात. गुपित जीवघेणे ठरते ते आज त्याला धक्का लागणार असतो म्हणून.

तो धक्का तुमच्या गावाच्या दारात उभाच आहे. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी त्याच सुमारास रत्नागिरी जिल्ह्यात जमिनी संपादित होत होत्या. संपादनात जमीन मोजली जाते, तिच्यावरची झाडे, घर, विहीर यांचे मूल्यांकन वेगळे होते, आणि मोबदल्यासाठी सगळे वारस कागदावर यावे लागतात. बुजवलेली विहीर रस्त्याच्या पट्ट्यात येऊ द्या. मग दोन गोष्टी एकदम घडतात. वारसांची चौकशी सुरू होते, म्हणजे आत्याचे नाव पुन्हा निघते. आणि ठरावीक दिवसांनी त्या जागेवर यंत्र येऊन खोदणार हे नक्की होते. काकांना आता वेळ नाही. पुतणी त्याच घरात झोपते. तुमचा मधला भाग येथून धावू लागेल.

यात एक प्रसंग मी अवश्य घालीन. मोजणीच्या दिवशी काका प्रत्येक आंब्याफणसासाठी, प्रत्येक रातांब्यासाठी हुज्जत घालत आहेत. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे हे धाकट्या काकांच्या लक्षात येते आणि ते म्हणतात, “दादा, चार माणसे लावून विहीर जरा मोकळी करून ठेवू, तिचेही पैसे मिळतील.” थोरले काका त्यांच्यावर असे भडकतात की मोजणीदार मान वर करून पाहतो. वाचकाला वाटते, दोघा भावांत जुनी धुसफूस आहे. पण एका झाडाचाही हिशेब न सोडणारा माणूस विहिरीचे पैसे का सोडतो? धुण्याच्या वहीतला झगा तो हाच.

गुपित कधी फोडावे, या प्रश्नाचे उत्तर आता देणे सोपे आहे. खून झाला आणि तो थोरल्या काकांनी केला, हे वाचकाला दोनतृतीयांशाच्या आसपास कळू द्या. घाबरू नका. पुतणीला ते कळलेले नाही, ती त्याच काकांबरोबर मोटारीतून तालुक्याला चालली आहे, आणि काकांना ठाऊक आहे की तिच्या पिशवीत प्रतिज्ञापत्राची नक्कल आहे. ती वीस पाने वाचक श्वास रोखून वाचेल. शेवटासाठी राखून ठेवा ते ‘का’: मे १९९४ ही तारीख का, परजातीच्या मुलाचे ते सगळे नाटक कोणासाठी, आणि आजीला हे माहीत होते की नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही हस्तलिखितात दिलेलेच नाही. ते द्यायला हवे, कारण या घरातला सर्वांत भयंकर प्रश्न तोच आहे.

फसवणुकीच्या तक्रारीला आणखी एक कारण आहे. तुमची काही प्रकरणे काकांच्या मनातून लिहिलेली आहेत. ते विहिरीजवळून जातात, त्यांना लहानपण आठवते, पाऊस आठवतो, आणि बहिणीचे प्रेत तेवढे आठवत नाही. हा अन्याय आहे. ज्याच्या मनात शिरायचे त्याच्या मनात त्या क्षणी जे येणारच ते वाचकाला दाखवावे लागते. दाखवायचे नसेल तर त्या मनात शिरू नये. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतले काही आज हास्यास्पद वाटतात, पण ज्याच्या विचारांचा मागोवा वाचकाला घेता येतो तो गुन्हेगार असू नये हा पहिल्याच नियमातला आग्रह मला आजही योग्य वाटतो. विल्की कॉलिन्सने १८६८ च्या ‘द मूनस्टोन’ मध्ये यावर फार सुंदर तोड काढली: हिऱ्याच्या चोरीची हकीकत वेगवेगळी माणसे आळीपाळीने सांगतात आणि प्रत्येक जण फक्त स्वतः पाहिलेले तेवढेच सांगतो, त्यामुळे कोणालाही खोटे न बोलता सत्य झाकलेले राहते. डागाळलेला, लपवलेला रात्रीचा झगा त्याही कादंबरीत आहे, आणि तो रोडच्या प्रकरणातून आला आहे. तुम्ही काकांची प्रकरणे काढून त्याच घटना धाकट्या काकांच्या किंवा गड्याच्या नजरेतून लिहिल्या, तर काका आपोआप अधिक भयावह होतील.

आता पोलीस आणि न्यायालय. सगळी कार्यपद्धती कादंबरीत आणण्याची गरज नाही, पण जिथे आणाल तिथे ती अचूक असावी. ती अचूक असली की कथेला नवी वळणे आपणच सुचवते, असा माझा अनुभव आहे. तुमची कथा २०१६ मधली असल्यामुळे जुनेच कायदे लागू होतील. १ जुलै २०२४ नंतरची कथा असती तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांची कलमे घ्यावी लागली असती. हाडे सापडल्यावर गावचा पोलीस पाटील ठाण्यात कळवील, आकस्मिक मृत्यूची नोंद होईल, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे पंचनामा होईल. त्यासाठी त्याच परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलावतात. याचा अर्थ तुमच्या ध्यानात आला असेल: ज्या शेजाऱ्यांनी एकवीस वर्षे ‘पळून गेली’ म्हणत हसून घेतले, त्यांनाच त्या खड्ड्याच्या कडेला उभे राहून सही करावी लागेल. हा प्रसंग तुमच्या हस्तलिखितात एका वाक्यात उरकला आहे. त्याला पूर्ण प्रकरण द्या.

हाडे पाहून डॉक्टर लगेच ‘गळा दाबून खून’ असे म्हणतात, ते काढून टाका. इतक्या वर्षांनी नुसत्या हाडांवरून मृत्यूचे कारण बहुतेक वेळा सांगता येत नाही. स्त्री की पुरुष, साधारण वय, उंची, एवढे सांगता येते. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यात हाडे झिजतात, तेव्हा सांगाडा अख्खा आणि पांढराशुभ्र निघणार नाही. ओळख पटवण्यासाठी डीएनए लागेल, आणि येथे निसर्गानेच तुम्हाला एक कथानक देऊ केले आहे. जुन्या हाडांत पेशीकेंद्रातला डीएनए बहुधा खराब झालेला असतो. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत केंद्राबाहेर असणाऱ्या सूक्ष्म घटकांचा, डीएनए अधिक टिकतो, आणि तो फक्त आईकडून मुलांना मिळतो. आत्या आणि तिचे भाऊ यांचा तो एकच, कारण आई एकच. पुतणीचा मात्र तिच्या स्वतःच्या आईकडून आलेला, म्हणजे वेगळा. जी मुलगी आत्यासाठी जिवाचे रान करते आहे तिच्या रक्ताचा या तपासणीला उपयोग नाही. उपयोग आहे तो ज्याने मारले त्याच्या रक्ताचा. आजी आणि पुतणीचे वडील त्याआधी वारलेले असतील आणि धाकटे काका सावत्र असतील, तर पुतणीला आजीच्या माहेरी जाऊन आजीच्या बहिणीच्या मुलीबाळींना शोधावे लागेल. ज्या बायकांना या घराने वर्षानुवर्षे विचारले नाही त्यांच्या दारात तिला उभे राहावे लागेल. मी तुमच्या जागी असते तर हे सोडले नसते.

शेवटी ती बारा पानांची कबुली. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. आरोपी कोठडीत असताना त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे त्या शोधाशी थेट संबंधित असा माहितीचा भाग तेवढा चालतो. पुतणीसारख्या खाजगी व्यक्तीपुढची कबुली न्यायालयात घेता येते, पण तो दुबळा पुरावा समजला जातो आणि त्याला दुसरा आधार लागतो. म्हणजे तुमचा शेवट आज ज्या भाषणावर उभा आहे त्याने काकांना शिक्षा होणे कठीण आहे. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही, एकवीस वर्षांनीही खटला उभा राहतो, आणि म्हणूनच काकांनी कोठडीत अशी एक गोष्ट दाखवून द्यायला हवी जी अजून कोणाला सापडलेली नाही. हाडे यंत्राने आधीच बाहेर काढली आहेत, तेव्हा ती चालणार नाहीत. आत्याची ट्रंक चालेल. ‘पळून गेलेली’ मुलगी आपले कपडे घेऊन गेली असे भासवण्यासाठी काकांनी ती त्या रात्री घरातून हलवली असणार. ती कुठे आहे हे फक्त त्यांना माहीत आहे. ती सापडते तेव्हा काकांनी एक वाक्यही बोलू नये. ट्रंकेत काय आहे ते पंचनाम्यात एकेक करून लिहिले जात असताना पुतणी ऐकते, आणि त्या यादीत दिवाणी वकिलाची, वाटणीसंबंधी आत्याला लिहिलेली सप्टेंबर किंवा ऑक्टोबर १९९५ मधली चिठ्ठी असते. बारा पानांचे काम तेवढ्याने होते.

यानंतर एका छोट्या प्रकरणाहून जास्त काही लिहू नका. उकल झाल्यावर वाचक थांबतो तो फक्त आजीच्या प्रश्नासाठी, तेव्हा ते उत्तर तिथे असू द्या. नवा खर्डा करताना पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी १९९४ च्या जूनपासून १९९५ च्या अखेरीपर्यंत त्या घरात प्रत्येक महिन्यात काय घडले ते स्वतःसाठी लिहून काढा. विहीर बुजवायला गडी ज्या दिवशी लागला तो दिवस गणपतीने दूध प्यायल्याच्या नंतरचा आणि भातकापणीच्या आधीचा असल्याची खात्री करून घ्या. मग भूसंपादनाची नोटीस घरी येते ते प्रकरण लिहा, आणि कादंबरी त्याच दिवशी सुरू करा.